देवी हाय तवर

नांदेडच्या एका वर्तमानपत्रात मी रविवार पुरवणी पाहत होते, तेव्हा एका बालरोगतज्ज्ञांचा लेख हाती आला. लहान मुलांच्या अंगावर विषाणूंमुळे काय काय उठतं, असा विषय होता. गोवर, कांजण्या, हातापायांना आणि तोंडात फोड आणणारा ताप, या क्रमानं लेख चालला होता. शेवटी एक लहान परिच्छेद होता. साधा सर्दीताप होऊन गेल्यावर काही मुलांच्या गालांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कुल्ल्यांवर मसुरीएवढे लालसर फोड उठतात. छाती, पोट आणि पाठ कोरी राहते. फोडांत पाणी भरत नाही, खाज बेताची असते. महिना-दीड महिना राहून ते आपोआप जातात.

पानावर जागा कमी पडत होती. पान लावणाऱ्यानं हाच परिच्छेद काढायला सुचवलं, कारण असा आजार कुणी पाहिलेला नसतो, असं त्याचं म्हणणं होतं. मी तो ठेवला आणि वरचा दुसरा काढला. मी तो आजार पाहिलेला होता. एकदाच, पण रोज, आणि मोजून.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा वडिलांची बदली नांदेडहून तिकडे झाली. ते महसुलात कारकून होते. कार्यालयात नवे कागद छापून यायचे होते, तोवर जुन्या जिल्ह्याचं नाव शाईनं खोडून खाली लातूर लिहायचं, असं चाललं होतं. खराब झालेले कागद वडील घरी आणत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची. मी चौथीत होते.

आमची खोली शहराच्या कडेला होती. पत्र्याच्या छताच्या सहा खोल्यांची एक ओळ, दोन खोल्यांमध्ये पुरुषभर उंचीची विटांची भिंत, आणि भिंतीच्या वर छतापर्यंत सगळं मोकळं. त्यामुळे शेजारच्या खोलीतलं बोलणं आणि शेजारच्या चुलीवरचा वास दोन्ही आमच्या घरात येत. समोर सरकारी हापसा होता. दोन पावसाळे कोरडे गेले होते. माघ संपता संपता हापशाला आधी बराच वेळ नुसतं हलवावं लागे, मग लालसर पाणी येई आणि दोन घागरींनंतर थांबे. पुन्हा पाणी साचेपर्यंत पुढच्या बाईनं अर्धा तास थांबायचं, असा नियम बायकांनीच घातला होता.

शेजारच्या खोलीत काकू आणि त्यांची मुलगी राहत. चाकूरकडचं शेतकरी कुटुंब होतं. काका शेतावर असत, शनिवारी येत. मुलगी शहरातल्या शाळेत शिकावी म्हणून काकूंनी खोली घेतली होती. ती माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची.

आम्ही बौद्ध. काकूंना ते पहिल्या आठवड्यातच समजलं. ते सांगावं लागत नाही, आडनाव आणि गाव पुरतं. काकू वाईट नव्हत्या. त्या आईकडून चाळणी न्यायच्या, मीठ न्यायच्या, एकदा मूठभर तूरडाळही नेली. कोरडं चालायचं, ओलं नाही. मला तहान लागली की त्या ओट्यावर येऊन तांब्या उंच धरत आणि मी ओंजळ करायची. त्यांचा उंबरा मी ओलांडला नव्हता, आणि ओलांडू नको असं मला कुणी म्हटलेलंही नव्हतं.

त्या महिन्यात बाकावरच्या आम्हा दोघींना एकाच दिवशी सर्दी झाली आणि एकाच रात्री ताप आला. तीन दिवसांनी दोघींचा ताप उतरला. मला मागे खोकला राहिला. तिच्या गालांवर पुरळ उठलं.

दुसऱ्या दिवशी ते कोपरांवर आणि गुडघ्यांवरही आलं. ओळीतल्या बायका येऊन पाहून गेल्या आणि देवी आल्या, असं ठरलं; कांजण्यांनाही तिथं देवीच म्हणत. काकूंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, मुलीखाली धुतलेली वाकळ घातली, उशाशी पाला ठेवला. चपला बाहेर. घरात फोडणी बंद, तळण बंद. आणि मुलगी जे म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही, कारण आता ती बोलत नव्हती, देवी बोलत होती. काकू आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, की नांदेडवाल्या बाई, भिंत वरून उघडी आहे, तुमच्या फोडणीचा वासही तिकडे जातो, तर जमलं तर बघा. आईनं हो म्हटलं.

वडील संध्याकाळी जेवायला बसले आणि वरण पाहून थांबले. आईनं कारण सांगितलं. आमच्या घरात देवी हा शब्द निघत नसे. आजोबांनी गावात देवघर उचलून ठेवलं होतं, आणि ते पुन्हा मांडायचं नाही, याबाबत वडील पक्के होते. त्यांनी थोडा विचार केला. आजारी लेकराला वास सहन होत नसेल, म्हणाले, आणि जेवले. मी मात्र जेवले नाही. ताप मलाही आला होता. खोकला तर अजून होता. माझ्यासाठी एका दिवसाचीही फोडणी कुणी बंद केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर उभी राहून आत पाहत होते. तिनं मला पाहिलं आणि आपल्या आईला सांगितलं, तिला आत बोलव, माझ्या ताटात जेवू दे. काकू चुलीपाशी होत्या. त्या चुलीत लाकूड सारत राहिल्या. ओळीच्या टोकाच्या खोलीतली शिवणकाम करणारी बाई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "आता कामून गप बसलाव? देवीनं बोलावलंय की."

काकू माझ्याकडे वळल्या. "ये. पर देवी हाय तवर. मग आपलं आपल्या घरी."

मी घरी जाऊन आईला विचारलं. आईनं माझं तोंड धुतलं, केस बांधले आणि म्हणाली, "जा. जेव. पण पाया पडू नको."

असा माझा त्या घरातला मुक्काम सुरू झाला. शाळा सुटल्यावर मी थेट आत जायची, तिच्या वाकळेवर बसायची, तिच्या ताटातला दहीभात खायची आणि त्यांच्या माठातलं पाणी त्यांच्याच पेल्यानं, ओठ लावून प्यायची. माठ नव्या मातीचा होता. आमच्या घागरीतल्या पाण्यापेक्षा ते गार होतं. त्यातलं पाणी त्याच हापशाचं आहे, हे मला माहीत होतं, तरी चव वेगळी लागे.

मला बरं वाटायला हवं होतं. मला जळफळाट झाला. रोज सकाळी ओळीतल्या बायका येत, तिच्या पायांवर तांब्याभर पाणी घालत आणि वाकत. ज्या आठवड्यात माझी आई तोंड धुतलेलं पाणी भांड्यांना वापरत होती, त्या आठवड्यात पाच-सहा तांबे तिच्या पायांवरून वाहून दाराबाहेरच्या लिंबापर्यंत जात. कुणी तिला संत्रं आणून दिलं. शिवणकाम करणाऱ्या बाईनं उरलेल्या चिटांची झालर लावून झगा शिवून दिला. बाईंनी शाळेतून निरोप पाठवला की गृहपाठाची काळजी करू नको. माझा गृहपाठ मला करावाच लागे, आणि वर तिचाही.

माझ्या अंगावर काही उठावं म्हणून मी प्रयत्न केले. तिच्या उशीवर डोकं ठेवलं. तिच्या गालाला गाल लावला. एकदा बाजेवरचं अंथरूण काढून उघड्या सुंभावर गाल दाबून झोपले. सकाळी गालावर छान खड्डे उमटलेले होते. मी आरसा घेऊन बाहेर गेले, तर शाळेची वेळ होईपर्यंत ते मिटले होते.

मग मी तिचे फोड मोजायला लागले. जुन्या जिल्ह्याच्या खोडलेल्या कागदाच्या पाठीमागे मी तक्ता केला. उजवं कोपर एकवीस. डावं कोपर अठरा. गाल, गुडघे, कुल्ले. छाती कोरी, पोट कोरं, पाठ कोरी. पाणी भरलं का, नाही. खाजवते का, थोडं. मी कुठला रोग शोधत नव्हते. तिच्याकडे किती आहे आणि माझ्याकडे किती नाही, याची ती नोंद होती.

पाचव्या दिवशी देवी उतरवायची, लिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची, असा रिवाज. पाचव्या दिवशी फोड जसेच्या तसे होते. सातव्या दिवशीही. नवव्या दिवशी काकूंनी पाणी तापवलं आणि परत माठाशेजारी ठेवून दिलं. कांजण्या असत्या तर एव्हाना पाणी भरून, सुकून, खपल्या पडल्या असत्या. बायकांना ते ठाऊक होतं. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की देवीला लेकरू आवडलंय, ती निघायला तयार नाही. आंघोळ पुढं गेली. आमच्या वरणाची फोडणीही पुढं गेली.

अठराव्या दिवशी, रविवार होता, काका आलेले होते आणि खोली भरली होती. मी नेहमीच्या जागी बसले होते, ताट आमच्या दोघींच्या मध्ये होतं. एक म्हातारी वाकून उठली. तिच्या मागोमाग तिची सून वाकली. माझी मैत्रीण माझ्याकडे पाहून हसली. अठरा दिवसांत ती हसण्यातही सराईत झाली होती.

"सगळे पडतात. तूच न्हाई पडत," ती म्हणाली. "पड की."

मी ताटाकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "पड गं पोरी. काय झिजतीस का." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खोलीत सगळे थांबले होते. शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "नांदेडचं पाणी हाय, वाकत न्हाई." दोघी-तिघी हसल्या.

मी घास ताटात ठेवला, हात तसाच घेऊन बाहेर आले आणि घरी गेले.

पुढे अनेक वर्षं ही गोष्ट मी जिथं जिथं सांगितली, तिथं इथंच थांबवली. आईनं सांगितलं होतं आणि नऊ वर्षांची मुलगी वाकली नाही. ऐकणाऱ्यांना ते आवडतं. ते खरंही आहे, पण पुरं नाही. मी बाहेर येताना माझ्या मनात आईचं वाक्य नव्हतं. मला वाटत होतं, ती उद्या माझ्या पाया पडणार असेल तर मी आत्ता पडते. तिनं तसं म्हटलं असतं, तर मी वाकले असते.

सोमवारी माझ्या खोकल्यासाठी वडील मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध लिहिलं. वडील उठत होते, तेव्हा मी दप्तरातून तक्ता काढून टेबलावर ठेवला. हे कुणाचं, असं डॉक्टरांनी विचारलं. शेजारच्या मुलीचं, मी म्हटलं. आधी ताप होता का? मलाही होता, तिलाही होता. त्यांनी तक्ता पुन्हा वाचला. पाठ खरंच कोरी आहे का, असं दोनदा विचारलं. मग ते वडिलांशी बोलले, आणि मी ऐकलं. पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, मुलीला इथं आणा. पण हिनं लिहिलंय तसंच असेल, तर या कांजण्या नाहीत. तापाच्या विषाणूवर अंगानं केलेली ही प्रतिक्रिया आहे. एकाला होते, दुसऱ्याला नाही. शिवल्यानं पुरळ दुसऱ्याला लागत नाही. महिना-दीड महिन्यात जाईल. आंघोळ घालायला हरकत नाही.

वडील दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तक्ता हातात धरून होते. "फायलीला लावण्यासारखं लिहिलंस," ते म्हणाले. त्यांच्याकडून इतकी स्तुती मला आधी मिळाली नव्हती. पुढे म्हणाले, की मी कार्यालयात जातो, तू तिच्या आईला सगळं नीट सांग. मुलीला दाखवायला आणा म्हणाले, ते आधी सांग.

मी काकूंच्या घरी गेले नाही. संध्याकाळपर्यंत थांबले. हापशावर ओळीतल्या सगळ्या बायका जमल्या, काकूही घागर घेऊन आल्या, तेव्हा मी मधे उभी राहिले आणि सांगितलं. "डॉक्टर म्हणले, ही देवी न्हाई. तापाचा आजार हाय. दीड महिना राहतो, आपोआप जातो. आंघोळ घाला म्हणले."

मी दोन वाक्यं गाळली. पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, हे एक. शिवल्यानं लागत नाही, हे दुसरं. पहिलं गाळलं कारण त्यानं बातमी कच्ची झाली असती. दुसरं का गाळलं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

हापसा थांबला होता. शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "मंग येवढे दिस पाणी कुठं वतलं आपण?" एकीनं विचारलं, की डॉक्टरनं पोरीला पाहिलं कधी. मी म्हटलं, मी लिहून नेलं होतं. सरकारी कागद होता, हेही सांगितलं. काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी घागर अर्धीच भरली होती, ती तशीच उचलली आणि गेल्या.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग तेल तापल्याचा वास, मोहरी तडतडली, लसूण पडला. आईनं वर पत्र्याकडे पाहिलं, मिनिटभर थांबली आणि आमच्याही वरणाला फोडणी दिली. वडील आनंदानं जेवले. मीही जेवले, दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दाराचा डहाळा नव्हता. शाळेतून आल्यावर मी सवयीनं ओट्यावर गेले. काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, खोकला कसा आहे असंही विचारलं. "धर ओंजळ," म्हणाल्या. मी धरली. पाणी माठातलंच होतं.

ती आठवड्यानं शाळेत आली. फोड तसेच होते, फक्त लाल रंग जरा विटला होता. ओळीत जे देवीचं होतं, ते आता आजाराचं झालं होतं, आणि शाळेपर्यंत तेवढंच पोचलं होतं. मधल्या सुट्टीत मुलींनी तिच्यापासून दप्तरं लांब ओढली. शाळेच्या पिंपावर पाणी प्यायला सगळ्यांसाठी एक डाव होता. पाणी वाढणाऱ्या मुलीनं तो तिला दिला नाही. तिला वरून वाढलं. तिला ओंजळ नीट करता येत नव्हती, बोटांमधून पाणी सांडलं आणि झालरीचा झगा भिजला. मी रांगेत तिच्या मागेच होते. शिवल्यानं लागत नाही, हे वर्गात फक्त मला माहीत होतं. मी ते बाईंना सांगितलं, पण चार दिवसांनी.

आईलाही त्याच दिवशी सांगितलं, गाळलेल्या दोन्ही वाक्यांसह. आई मला हाताला धरून काकूंच्या ओट्यावर घेऊन गेली आणि तिथं उभं करून पुन्हा बोलायला लावलं. काकूंनी ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी काका आणि काकू तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पाहिलं आणि जे आधी सांगितलं होतं, तेच सांगितलं. माझी बातमी बरोबर निघाली. त्यानं काही बदललं नाही. तक्ता मी बंद केला होता, पण सवयीनं पाहत होते. आधी गाल मोकळे झाले, मग गुडघे. कोपरं शेवटी, परीक्षेच्या सुमारास.

फोड जायच्या आधीची एक संध्याकाळ आहे. ती आत वाकळेवर बसून अभ्यास करत होती, मी ओट्यावर होते. माझ्याजवळ तिची वही होती, ती द्यायची होती. ती म्हणाली, "आई, तिला आत येऊ दे." काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट हलवलं, खडा काढून बाहेर टाकला आणि पुन्हा निवडू लागल्या. तिनं पुन्हा एकदा म्हटलं, थोडं मोठ्यानं. मग ती उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि वही घ्यायला हात पुढं केला. कोपरावर सात-आठ राहिले होते.

"आता मी म्हणलं तरी कुणी ऐकत न्हाई," ती म्हणाली.

ती रागावून बोलली नव्हती. मला ते माहीत नसेल असं वाटून ती सांगत होती.